चोरी-विम्याच्या खात्यातला गायक

नमस्कार मंडळी. आजच्या बैठकीला मी एकच एलपी आणली आहे, आणि ती शेवटी लावणार आहे. त्याआधी थोडं बोलू द्या.

मी एकतीस वर्षं सर्वसाधारण विम्यात नोकरी केली. त्यातली अकरा वर्षं क्लेम्सच्या टेबलावर, आणि त्यातही बहुतेक घरफोडीच्या फायलींवर गेली. घरफोडीची फाइल म्हणजे एफआयआरची प्रत, पंचनामा, सर्व्हेयरचा रिपोर्ट, सोनाराच्या पावत्या आणि गेलेल्या वस्तूंची यादी. यादीत एखाद्या बाईंनी लिहिलेलं असतं, ‘आईचे गोठ, अंदाजे चार तोळे’. पावतीच्या रकान्यात रेघ. आईच्या गोठांची पावती कुठून असणार? पण विचारावं तर लागतंच. त्या टेबलावर बसणाऱ्या माणसाच्या डोक्यात दिवसभर दुसऱ्यांच्या हरवलेल्या वस्तू असतात.

1968 साली लंडनमधल्या एका विमा कंपनीत, नेमक्या याच खात्यात, चोरी-विम्याच्या, एक बावीस वर्षांचा मुलगा कामाला लागला. नाव कॉलिन ब्लनस्टोन. फोन घ्यायचे, कागद पुढे सरकवायचे. तीन-साडेतीन वर्षांपूर्वी याच मुलाच्या आवाजातलं गाणं अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकावर होतं. आणि पुढच्याच वर्षी त्याच्याच आवाजातलं आणखी एक गाणं अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकावर जाणार होतं. पण ते गाणारा बँड तोवर शिल्लकच नव्हता.

हे मी पहिल्यांदा वाचलं ते भाच्याने लेस्टरहून आणून दिलेल्या एलपीच्या आतल्या कागदावर. वाचलं आणि तसाच बसून राहिलो. तेव्हापासून या पाच जणांबद्दल मिळेल ते वाचत आलो आहे. बँडचं नाव झॉम्बीज. इंग्रजी गाणी ऐकणाऱ्या आपल्यातल्या पुष्कळांना बीटल्स, स्टोन्स, किंक्स, हू ही नावं पाठ आहेत, पण झॉम्बीज म्हटलं की भुताच्या सिनेमाबद्दल विचारतात.

लंडनच्या उत्तरेला सेंट ऑल्बन्स नावाचं जुनं गाव आहे. रोमन काळापासूनचं. तिथे मोठं कॅथीड्रल आहे आणि त्या कॅथीड्रलच्या गायकवृंदात रॉड आर्जेंट हा मुलगा लहानपणी गायचा. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. या बँडच्या गाण्यांमध्ये तीन-तीन, चार-चार आवाज एकमेकांवर रचलेले ऐकू येतात, त्याचं मूळ त्या दगडी कमानींखाली आहे. 1961 साली शाळकरी पोरांनी बँड काढायचा ठरवला आणि भेटायची जागा ठरली ब्लॅकस्मिथ्स आर्म्स या पबच्या बाहेर. कॉलिन आला तो रग्बी खेळताना नाक मोडून घेऊन, दोन्ही डोळे काळेनिळे झालेले. तेव्हा ठरलं होतं असं की रॉड गाणार आणि कॉलिन गिटार वाजवणार. पहिल्याच तालमीच्या मधल्या सुट्टीत रॉड कोपऱ्यातल्या पियानोवर बसला आणि असं काही वाजवलं की बाकीचे म्हणाले, तू हेच वाजव. मग गाणार कोण? कॉलिनने एक गाणं म्हणून दाखवलं. प्रश्न मिटला.

गिटारवर पॉल ॲटकिन्सन, ड्रम्सवर ह्यू ग्रंडी. बेसवर आधी दुसरा एक मुलगा होता, झॉम्बीज हे नाव त्याचंच, पण तो डॉक्टर व्हायला निघून गेला आणि त्याच्या जागी ख्रिस व्हाइट आला. ख्रिस मार्कएट नावाच्या खेड्यातला, वडिलांचं दुकान. हे पाच जण. अभ्यासात हुशार, परीक्षा पास झालेली मुलं. पुढे प्रसिद्धीखात्याने त्यांची जाहिरातच तशी केली, शाळेतल्या प्रमाणपत्रांची बेरीज सांगून. त्या काळात तरुण पोरांना बेदरकार बँड हवे होते, तिथे ही जाहिरात त्यांना आडवीच आली असणार.

1964 मध्ये जिल्ह्याच्या एका बीट-स्पर्धेत ते पहिले आले आणि डेका कंपनीबरोबर करार झाला. निर्माते केन जोन्स. रेकॉर्डिंगच्या तोंडावर ते सहज म्हणाले की, तुम्ही स्वतःचंही एखादं गाणं लिहून बघा. रॉड अठरा वर्षांचा होता. तो घरी गेला आणि ‘शीज नॉट देअर’ लिहून घेऊन आला. ख्रिसनेही एक लिहून आणलं. या दोघांनी त्या वेळी गाणी लिहून आणली आणि उरलेल्या तिघांनी आणली नाहीत, ही गोष्ट कृपा करून लक्षात ठेवा. त्या क्षणी कुणालाच त्यात काही विशेष वाटलं नव्हतं.

‘शीज नॉट देअर’ आपल्यापैकी काहींनी ऐकलं असेल. सुरुवातीला बेसची दोन पावलं आणि मागोमाग इलेक्ट्रिक पियानोचे थोडे सर्द, कोरडे स्वर. मग कॉलिनचा आवाज. त्या आवाजात श्वास जास्त आणि जोर कमी. 1964 साली सगळे जण घसा ताणून गात होते, आणि हा मुलगा शेजारच्या खोलीत कुणी झोपलं असावं तसा गातो. मग हळूहळू आवाज चढत जातो आणि शेवटी एकदम तुटतो. ज्यांच्याकडे मूळ मोनो तबकडी आणि नंतरची स्टीरिओ अशा दोन्ही आहेत त्यांनी पडताळून पाहा: ड्रम्सचा एक जादा थर फक्त मोनोत आहे, स्टीरिओत तो नाही. मोनोत गाणं धावतं, स्टीरिओत ते चालतं. माझं मत विचाराल तर मोनोच ऐका.

ब्रिटनमध्ये गाणं 12 व्या क्रमांकापर्यंत गेलं. दूरदर्शनवरच्या एका कार्यक्रमात जॉर्ज हॅरिसनने त्याचं कौतुक केलं. अमेरिकेत ते बिलबोर्ड मासिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसरं आलं. 1964 च्या नाताळात पोरं न्यूयॉर्कला, ब्रुकलिनच्या फॉक्स थिएटरात. एका दिवसात खेळांवर खेळ, प्रत्येक खेळात एक-दोन गाणी, आणि बाहेर किंचाळणाऱ्या मुलींची गर्दी. पुढच्या वर्षी ‘टेल हर नो’ अमेरिकेत सहाव्या क्रमांकावर पोचलं. पण तेच गाणं मायदेशी 42 व्या क्रमांकावर अडकलं.

आणि त्यानंतर दोन वर्षं काहीच नाही. एकामागून एक तबकड्या निघत होत्या आणि पडत होत्या. त्या काळातली गाणी आज ऐकली तर पडण्यासारखी एकही वाटत नाही. रॉड आणि ख्रिस यांचं म्हणणं असं होतं की आपल्या डोक्यात जे वाजतं ते तबकडीवर येत नाही. मिक्सिंगच्या वेळी बँडला आत बसू देत नसत. पहिल्या गाण्याचं यश पुन्हा मिळवायचं म्हणून प्रत्येक गाण्यातून तोच श्वासाळ आवाज काढायचा प्रयत्न चाललेला असे. 

1967 च्या सुरुवातीला फिलिपाइन्समधून बोलावणं आलं. पोरांना वाटलं, एखाद्या हॉटेलात वाजवायचं असेल. मनिलाला विमानातून उतरले तर बाहेर माणसांचा समुद्र. कार्यक्रम ॲरानेटा कोलिझियममध्ये, जगातल्या मोठ्या बंदिस्त सभागृहांपैकी एक. घरी कुणी विचारत नव्हतं, आणि इथे त्यांची गाणी लोकांच्या तोंडी होती. रोज हजारोंची गर्दी. हातात पडलेली बिदागी मात्र हॉटेलात वाजवण्याच्या हिशोबाचीच होती, कारण सुपारी तशी ठरली होती. आपल्याकडे ऑर्केस्ट्रात काम केलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. हॉल कितीही भरो, सुपारी ठरली ती ठरली.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. डेकाचा करार संपला. रॉड आणि ख्रिस सीबीएस कंपनीकडे गेले आणि म्हणाले, एक एलपी आम्हाला आमच्या पद्धतीने करू द्या, निर्मितीही आम्हीच करू. कंपनीने 1000 पौंड दिले. एवढ्या पैशात अख्खी एलपी. जून 1967 मध्ये ते ॲबी रोडच्या स्टुडिओत शिरले. बीटल्स नुकतेच तिथून ‘सार्जंट पेपर’ संपवून बाहेर पडले होते, पाच महिने खर्चून. तेच स्टुडिओ, तेच ध्वनितंत्रज्ञ जेफ एमरिक. पण बीटल्सना वेळ मोजावा लागत नव्हता, आणि यांना तीन-तीन तासांच्या पाळ्या. म्हणून ते आधी गावातल्या हॉलमध्ये गाणी घोटून घोटून बसवायचे आणि मग स्टुडिओत येऊन थेट वाजवायचे. आपल्याकडे आकाशवाणीवर पूर्वी असंच चालायचं, लाल दिवा लागायच्या आत सगळं बसलेलं असावं लागे. त्या शिस्तीचा परिणाम या एलपीवर दिसतो. एकही सूर उगाच नाही.

स्टुडिओत मेलोट्रॉन नावाचं वाद्य पडलेलं होतं. रॉड सांगतो की ते जॉन लेननचं होतं. हे वाद्य जरा जवळून समजून घेऊ या. दिसायला छोट्या ऑर्गनसारखं, पण आत तारा नाहीत. प्रत्येक पट्टीखाली टेपचा एक तुकडा असतो आणि त्या तुकड्यावर तो एकच सूर खऱ्या व्हायोलिनवर किंवा बासरीवर वाजवून ध्वनिमुद्रित केलेला असतो. पट्टी दाबली की टेप सरकते. साधारण आठ सेकंदांनी टेप संपते, आणि सूर बंद पडतो. बोट उचललं की स्प्रिंगने टेप परत मागे जाते. म्हणजे लांब सूर लावायचा तर आठ सेकंदांच्या आत दुसऱ्या पट्टीवर जायलाच हवं. आणि टेप किंचित थरथरत असल्यामुळे व्हायोलिनही थरथरतात. व्हायोलिनवाले बोलवायला पैसे नव्हते म्हणून रॉडने हे वाद्य वाजवलं. आज त्याच थरथरणाऱ्या आवाजासाठी लोक ही एलपी शोधतात.

दुसरं वाद्य आपल्या घरातलं आहे. ख्रिसने कुठून तरी एक जुना पायांनी भाता मारायचा ऑर्गन विकत घेतला होता. गंधर्व नाटक मंडळीच्या काळापासून नाट्यसंगीताच्या साथीला जो ऑर्गन असतो, त्याच जातीचा. एलपीवर पहिल्या महायुद्धावरचं एक गाणं आहे. एक खेड्यातला खाटीक आघाडीवर गेला आहे आणि त्याचे हात थरथरायचे थांबत नाहीत. ख्रिसचे एक काका त्या युद्धात मारले गेले होते. ते गाणं कॉलिन गात नाही, ख्रिस स्वतः गातो, आणि साथीला जवळजवळ फक्त तो ऑर्गन. आपल्या कानाला पदाच्या आधी ऑर्गनवाला सूर धरतो त्याची सवय आहे, भात्याचा तो श्वास ओळखीचा आहे. तोच श्वास खंदकातल्या भेदरलेल्या माणसाच्या मागे ऐकू आला की पोटात कालवतं. मी हे गाणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पुढचं गाणं लावलंच नाही, उठून गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

बाकीची गाणी इतकी काळोखी नाहीत. पहिलंच गाणं एका पत्राचं आहे, प्रेयसी तुरुंगातून सुटून यायची आहे आणि तो आनंदाने तिच्या येण्याची तयारी करतो आहे. एका गाण्यात ख्रिसच्या गावाजवळचं बीचवुड पार्क आहे. वडिलांच्या दुकानातला माल पोचवायला त्या बाजूला गाडी घेऊन जावं लागे, त्या रस्त्यांची आठवण त्यात उतरली आहे. 

एलपीचं नाव ‘ओडेसी अँड ओरॅकल’. मुखपृष्ठ ख्रिसबरोबर राहणाऱ्या टेरी क्वर्क या चित्रकाराने काढलं, रंगांनी ओसंडणारं, फुलापानांत अक्षरं गुंतलेली. छापायच्या वेळी लक्षात आलं की ओडेसी या शब्दाचं स्पेलिंग चुकलं आहे. दुरुस्त करायला उशीर झाला होता. रॉडने बाकीच्यांना सांगितलं की ते मुद्दाम केलं आहे, त्यात ‘ओड’ म्हणजे काव्य असा श्लेष आहे. ती चूक आज त्या एलपीची ओळख होऊन बसली आहे.

पैसे संपले. मोनो मिक्स झालं होतं आणि कंपनी म्हणाली, स्टीरिओही हवं. त्यासाठी आणखी 200 पौंड लागणार होते. ते कुणी द्यायचे? रॉड आणि ख्रिस यांनी आपल्या गीतलेखनाच्या रॉयल्टीतून दिले. एका गाण्यातल्या तुताऱ्या थेट मोनोवरच चढवल्या होत्या, त्यामुळे त्या गाण्याचं खरं स्टीरिओ होऊच शकलं नाही.

इथे मी क्षणभर थांबतो, कारण मला जे सांगायचं आहे ते या 200 पौंडांत आहे. रॉड आणि ख्रिस हे पैसे देऊ शकले. कॉलिन, पॉल आणि ह्यू देऊ शकले नसते. गाणं रेडिओवर वाजलं, दुसऱ्या कुणी गायलं, तबकडी विकली गेली की गीतकार-संगीतकाराला रॉयल्टी मिळते. ‘शीज नॉट देअर’ आणि ‘टेल हर नो’ ही दोन्ही रॉडची, अनेक तबकड्यांची मागची बाजू ख्रिसची. या दोघांना थोडंफार नियमित येत होतं. गाणाऱ्याला आणि वाजवणाऱ्याला मुख्यतः सुपारीचे पैसे. कार्यक्रम कमी झाले की त्यांचं उत्पन्न थेट खाली. 1964 च्या त्या दिवशी जे दोघे गाणं लिहून घेऊन आले त्यांना 1967 मध्ये थांबायला परवडत होतं, आणि तिघांना परवडत नव्हतं. पॉलला संसार मांडायचा होता. कॉलिनकडे काहीच उरलं नव्हतं. बँड मोडला म्हणजे भांडणं झाली, अहंकार आडवे आले, असं आपण सहज धरून चालतो. इथे तसं नव्हतं. पाचही जण एकमेकांचे मित्र होते, आणि पुढेही राहिले. हिशोब जुळत नव्हता.

आपल्याकडे ही गोष्ट उलट्या दिशेने घडत आली. कित्येक वर्षं गीतकार-संगीतकार एकरकमी मानधन घेऊन हक्क लिहून देत, आणि गाणं पन्नास वर्षं वाजत राही. 2012 साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा कुठे त्यांच्या रॉयल्टीला कायद्याचं बळ आलं. आणि भावगीतं गाणारी किती माणसं दिवसा बँकेत, पोस्टात, शाळेत नोकरी करत होती हे आपण पाहिलेलं आहे. मी तर ऑफिसात अशा एका गृहस्थांच्या शेजारच्या टेबलावर बसलो आहे. जेवणाच्या सुट्टीत ते डबा उघडायच्या आधी डोळे मिटून एखादी चाल पुटपुटत. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही. 

1967 च्या नोव्हेंबरात ते तुरुंगाच्या पत्राचं गाणं तबकडी म्हणून निघालं आणि पडलं. डिसेंबरमध्ये कील विद्यापीठात शेवटचा कार्यक्रम झाला आणि पाच जण पांगले. कॉलिन विमा कंपनीत गेला, पॉल संगणकाच्या कामात, ह्यूने काही काळ मोटारी विकल्या. रॉड आणि ख्रिस नवा बँड उभारण्याच्या मागे लागले. एलपी बाजारात आली ती एप्रिल 1968 मध्ये, चार महिन्यांनी. कार्यक्रम करायला बँड नाही, रेडिओवर मुलाखती द्यायला कुणी नाही. खपली नाही यात नवल नव्हतं.

तेव्हा अल कूपर नावाचा अमेरिकन संगीतकार लंडनला आला होता. बॉब डिलनच्या तबकडीवर ऑर्गन वाजवलेला माणूस, नुकताच कोलंबिया कंपनीत निर्माता म्हणून रुजू झालेला. परत जाताना तो इंग्लिश तबकड्यांचा ढीग घेऊन गेला. त्या ढिगातून ही एलपी कानावर पडली आणि त्याने वरिष्ठांना गाठून सांगितलं की हिचे हक्क ज्याच्याकडे असतील त्याच्याकडून घ्या, ही आपण काढलीच पाहिजे. हक्क आपल्याच कंपनीकडे आहेत आणि काढायचा विचार कुणी केलेला नाही, असं तेव्हा लक्षात आलं. कंपनीने एलपी काढली. पहिलं गाणं म्हणून त्यांनी निवडलं ते खाटकाचं, व्हिएतनाम युद्धाचे दिवस म्हणून असेल. ते पडलं. मग एलपीवरचं शेवटचं गाणं काढलं, ‘टाइम ऑफ द सीझन’. महिनोन्महिने काही हललं नाही. आणि मग एका रेडिओ केंद्राकडून दुसऱ्याकडे असं ते पसरत गेलं, आणि मार्च 1969 मध्ये बिलबोर्डच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर, कॅश बॉक्सच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलं. दहा लाखांवर प्रती गेल्या.

कॉलिनला त्याच सुमारास एका निर्मात्याने पुन्हा स्टुडिओत नेलं होतं, पण नील मॅकार्थर अशा वेगळ्याच नावाने. त्या नावाने त्याने ‘शीज नॉट देअर’ पुन्हा गायलं आणि ते ब्रिटनमध्ये 34 वं आलं. विचार करा, एकाच वेळी हा माणूस अमेरिकेत स्वतःच्या नावाने अनुपस्थित आणि इंग्लंडमध्ये परक्या नावाने उपस्थित आहे.

अमेरिकेतले आयोजक बँड मागत होते. बँड नव्हता, तर काही लोकांनी तयार केला. मिशिगनमधल्या एका कंपनीने झॉम्बीज या नावाने पोरं फिरवायला सुरुवात केली. त्यातला एक संच टेक्सासच्या चार पोरांचा होता. दोन गिटार, बेस, ड्रम्स. कीबोर्ड वाजवणारा कुणी नाहीच, आणि हा बँड म्हणजे तर रॉडचा कीबोर्ड. त्यातले बेसवाला डस्टी हिल आणि ड्रमर फ्रँक बिअर्ड हे दोघे पुढे झीझी टॉप या बँडमधून जगप्रसिद्ध झाले. लोक तिकीट काढून आले, त्यांनी टाळ्या वाजवल्या. खऱ्या पाचांना यातलं काहीच मिळालं नाही. चोरी-विम्याच्या टेबलावर बसलेल्या माणसाच्या घरातूनच चोरी झाली, आणि याची एफआयआर कुठल्या चौकीत करायची?

खऱ्यांना परत एकत्र येण्यासाठी पैसे देऊ करण्यात आले होते. रॉड आणि ख्रिस गेले नाहीत. त्यांचा नवा बँड, आर्जेंट, उभा राहत होता. पुष्कळ लोक याला चूक म्हणतात. मला तसं वाटत नाही. 1972 मध्ये आर्जेंटचं ‘होल्ड युअर हेड अप’ ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे पाचव्या क्रमांकावर गेलं. आणि त्याआधी, 1971 मध्ये, या दोघांनी काय केलं तर कॉलिनला बोलावून त्याच्या स्वतःच्या नावाची एलपी काढून दिली, ‘वन इयर’. तिच्यातलं एक गाणं व्हायोलिन-चेलोच्या साथीवर आहे, ड्रम्स नाहीत, ते ब्रिटनमध्ये 15 व्या क्रमांकावर गेलं. विमा कंपनीच्या टेबलावरून त्याला कायमचं उठवलं ते जुन्या मित्रांनी. पॉल पुढे अमेरिकेत रेकॉर्ड कंपन्यांमध्ये नवे कलाकार शोधायचं काम करत मोठ्या जागेवर पोचला.

‘ओडेसी अँड ओरॅकल’चं काय झालं? ती हातोहाती फिरत राहिली. पॉल वेलरसारखा गायक ती आपली आवडती एलपी म्हणून सांगत राहिला, आणि त्याचे चाहते तिला शोधू लागले. 2003 मध्ये रोलिंग स्टोन मासिकाने सर्वोत्तम 500 एलपींची यादी केली तेव्हा ती 80 व्या क्रमांकावर होती. दरम्यान रॉड आणि कॉलिन 1999-2000 च्या सुमारास पुन्हा एकत्र गाऊ लागले होते, आधी स्वतःच्या नावांनी, मग झॉम्बीज म्हणून. बेसवर रॉडचा मावस-चुलत नात्यातला भाऊ जिम रॉडफर्ड, ज्याने 1961 मध्ये पोरांना सुरुवातीला हात दिला होता. 

2004 च्या जानेवारीत लॉस एंजेलिसमध्ये पॉलसाठी कार्यक्रम झाला. तो खूप आजारी होता. पाचही जण त्या रात्री एका मंचावर होते, पॉल गिटार घेऊन. एप्रिलच्या 1 तारखेला तो गेला.

आणि 2008 चा मार्च. लंडनचं शेपर्ड्स बुश एम्पायर. उरलेले चौघे ‘ओडेसी अँड ओरॅकल’ पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत मंचावर वाजवायला उभे राहिले. पुन्हा वाजवायला नव्हे, पहिल्यांदाच. एलपी बाजारात येण्याआधीच बँड मोडला होता, त्यामुळे ही गाणी कुणासमोर एकत्र कधी वाजलीच नव्हती. चाळीस वर्षांनी पहिला प्रयोग. तबकडीवरचा प्रत्येक आवाज यावा म्हणून दुसरा कीबोर्डवाला, जादा गायक सगळे आणले होते. ख्रिसने खाटकाचं गाणं स्वतः म्हटलं. पहिला दौर मोडला तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता, आता पासष्टीचा. 

2019 च्या मार्चमध्ये, ‘टाइम ऑफ द सीझन’ अमेरिकेत शिखरावर गेलं त्याला बरोबर पन्नास वर्षं होत असताना, त्यांना रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. सोहळा ब्रुकलिनमध्ये होता, 1964 च्या नाताळात जिथे पोरं पहिल्यांदा अमेरिकन मंचावर चढली त्याच भागात. 2024 च्या उन्हाळ्यात रॉडला पक्षाघाताचा झटका आला आणि त्याने दौरे थांबवले.

आता तबकडी लावतो. दुसरी बाजू, शेवटचं गाणं. एक किस्सा यासाठी राखून ठेवला होता. हे गाणं सगळ्यात शेवटी लिहिलं गेलं. स्टुडिओचा वेळ संपत आलेला, पैसे संपलेले, बँड मोडणार हे सगळ्यांना जवळजवळ कळलेलं. कॉलिन आतल्या खोलीत मायक्रोफोनसमोर, रॉड काचेपलीकडे. रॉड पुन्हा पुन्हा सांगतोय, तो शब्द असा नको, असा घे, इथे उशिरा ये. कॉलिन दमलेला. शेवटी तो चिडून म्हणाला की एवढं येतंय तर तूच ये आणि गा. रॉड म्हणाला, गाणारा तू आहेस, तूच गायचं. आणि मग कॉलिन जे गायला ते आता ऐका. आधी बेस येईल. मग ड्रमवर एक थाप, टाळी, आणि तिच्या मागोमाग ओठांजवळून सोडलेला एक श्वास, पुन्हा थाप, टाळी, श्वास. दिवा थोडा मंद करता का?